दरपत्रकात न लिहिलेली ओळ

वैशाख उतरणीला लागला की सांगली-मिरजेकडच्या जुन्या घरांच्या गच्च्यांवर माणसे दिसू लागतात. कोणी वाकून भेगा पाहतो, कोणी पावसाळी पाइपाच्या तोंडातील पालापाचोळा काढतो, तर कोणी मागील वर्षी फासलेल्या डांबराकडे खिन्नपणे पाहत उभा असतो. मृगापूर्वी गच्ची करून घ्यायची, हा तेथील गृहस्थांचा वार्षिक संकल्प असतो आणि इतर अनेक संकल्पांप्रमाणे तो बहुधा पुढील वर्षावर ढकलला जातो.

सांगलीच्या एका घराने काही वर्षांपूर्वी हा संकल्प तडीस नेला. घर साधे, एकमजली, सुमारे चाळीस वर्षांचे. गच्ची तीस फूट लांब व तीस फूट रुंद, म्हणजे 900 चौरस फूट. घरात एक निवृत्त मुख्याध्यापक, त्यांच्या पत्नी आणि नव्वदीला टेकलेल्या आई. मुलगा पुण्यात नोकरीला. गच्ची दोन पावसाळे ठिबकत होती आणि आईंच्या खोलीच्या छतावर ओलीचा एक नकाशा उमटला होता. मुख्याध्यापकांनी एक मुदतठेव मोडण्याचे ठरवले आणि मुलाच्या सूचनेवरून तीन ठिकाणांहून दरपत्रके मागवली.

पहिले 62,000 रुपयांचे, दुसरे 94,000 रुपयांचे व तिसरे 1,12,000 रुपयांचे आले. मुलाने पुण्यात बसून संगणकावर तक्ता केला. तीन नावे, तीन आकडे. हल्लीच्या पिढीचा हा टापटीपपणा वाखाणण्यासारखाच आहे. परंतु त्या तक्त्यात एक रकाना राहून गेला होता आणि पुढील सारे त्या रकान्यामुळेच घडले. कोण काय करणार आहे, हा तो रकाना.

62,000 रुपयांच्या दरपत्रकावर रंगीत नाममुद्रा होती आणि मजकूर एवढाच होता: गच्ची वॉटरप्रूफिंग संपूर्ण, माल व मजुरीसह, दहा वर्षांची गॅरंटी. 94,000 रुपयांचे दरपत्रक एका वयस्कर गवंड्याने वहीच्या दोन पानांवर लिहून दिले होते. जुना कोबा फोडणे व राडारोडा गाडीने हलवणे, 17,000. कठड्याच्या भेगा भरणे, कठड्याच्या पायथ्याशी गोलाईचा वाटा काढणे आणि पाइपाच्या तोंडाजवळचे काम, 11,000. विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा, उतारासह, 60,000. पाणी मारणे, टँकर व पाणी साठवून चाचणी, 6,000.

ही दोन पाने मुलाने पाहिली नव्हती. त्याला फोनवर फक्त बेरीज सांगितली गेली होती. पाहिली असती, तर एक गोष्ट त्याच्या चटकन ध्यानात आली असती. पहिला कंत्राटदार जुना कोबा फोडणार नव्हता, वाटा काढणार नव्हता आणि चाचणीही करणार नव्हता. म्हणजे त्याचे 62,000 रुपये केवळ नव्या कोब्याचे होते. त्याच कोब्याचे गवंडी 60,000 रुपये मागत होता. कामाला काम लावून पाहिले असते, तर स्वस्त दरपत्रक दोन हजारांनी महागच निघाले असते!

तिसऱ्या दरपत्रकाविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. नाही तर महाग तेच चांगले, असा समज व्हायचा. ते एका रासायनिक लेपाचे होते आणि लेप जुन्या, भेगाळलेल्या कोब्यावरच बसणार होता. खालचा थर हलला की वरचा लेप कितीही उंची असला तरी फाटतो. सर्वांत मोठा आकडा मागणाऱ्यानेही मूळ दुखण्याला हात लावलेला नव्हता. किमतीवरून गुणवत्ता ओळखू पाहणारा असा दोन्ही टोकांना फसतो.

काम पहिल्याला मिळाले. मे महिन्याच्या अखेरीस पाच दिवसांत ते आटोपलेही. जुन्या कोब्यावर नवा कोबा पडला, वर सिमेंटची घोटाई झाली, दोरी मारून फरशीसारख्या चौकटी उमटवल्या गेल्या. दिसायला गच्ची सुरेख झाली. शेजाऱ्यांनी कंत्राटदाराचा फोन क्रमांक मागून घेतला. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारले गेले आणि तिसऱ्या दिवशी माणसे दुसऱ्या कामावर गेली.

बांधकामाच्या धंद्यातील स्वस्ताई कोठून येते, हा प्रश्न येथे थोडा सावकाश पाहण्यासारखा आहे. सिमेंटची गोणी, वाळू आणि विटा एकाच गावातील तीन कंत्राटदारांना जवळपास एकाच भावाने मिळतात. सकाळी नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्याची रोजंदारीही तिघांना सारखीच पडते. अनुभव, शिस्त, स्वतःचे सामान यांमुळे पाच-दहा टक्क्यांचा फरक पडू शकतो व तो प्रामाणिक असतो. परंतु तिसऱ्या हिश्शाहून अधिक फरक दिसतो, तेव्हा तो भावातून आलेला नसतो, मापातून आलेला असतो. काही तरी कमी घातले जाणार असते, किंवा काही तरी केलेच जाणार नसते.

कमी घातलेले दिसत नाही, हीच खरी अडचण. गिलाव्याचे उदाहरण घ्या. एकास चार या प्रमाणात एक भाग सिमेंट व चार भाग वाळू, म्हणजे मिश्रणाच्या पाचव्या हिश्शाएवढे सिमेंट. एकास सहा केले की तेच सातव्या हिश्शावर येते. दहा गोण्या लागायच्या तेथे सातच्या आसपास गोण्यांत काम भागते. गिलावा झाला त्या दिवशी दोन्ही भिंती शेजारी शेजारी उभ्या केल्या, तरी सामान्य माणसाला त्यांतील फरक कळणार नाही. रंगाखाली तर मुळीच नाही. तो कळतो तीन-चार वर्षांनी, खिळा ठोकताना भुसभुशीत रेती खाली पडू लागते तेव्हा. त्या वेळी कंत्राटदार दुसऱ्या गावी असतो.

उताराचेही असेच आहे. गच्चीला शंभर फुटांना एक फूट असा उतार द्यायचा, तर तीस फुटांच्या अंतरात वरचे टोक पाइपाच्या तोंडापेक्षा 3.6 इंच उंच हवे. दोनशेला एक दिला की ते 1.8 इंचांवर येते. सगळ्या गच्चीचा विचार केला तर सरासरी पाऊण-एक इंच माल वाचतो आणि 900 चौरस फुटांवर तो 67 घनफुटांच्या वर जातो. म्हणजे एका ब्रासचा सुमारे दोन तृतीयांश. गच्ची नजरेला सपाटच दिसते. फक्त पावसाचे पाणी निघून जाण्याऐवजी मधल्या खळग्यात रेंगाळते.

आणि पाणी मारणे? त्यात तर वाचवण्यासारखे काही नाही असे वाटते. परंतु त्यात दिवस वाचतात आणि कंत्राटदाराच्या लेखी दिवस म्हणजेच पैसा. काँक्रीटसाठी असलेल्या आयएस 456 या भारतीय मानकात साध्या सिमेंटला किमान 7 दिवस आणि मिश्र सिमेंटला वा उष्ण, कोरड्या हवेत किमान 10 दिवस ओलावा राखण्यास सांगितले आहे. सांगलीचा मे महिना उष्ण आणि कोरडा नाही असे कोण म्हणेल? तेथे दोन दिवस पाणी मारून निघून जाणे म्हणजे अर्धवट भाजलेली भाकरी तव्यावरून उतरवणे होय.

सुतारकामात हीच गोष्ट प्लायवूडच्या रूपाने येते. आयएस 303 हे सर्वसाधारण प्लायवूडचे मानक आहे आणि आयएस 710 हे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायवूडचे. ओट्याखालच्या कपाटाला कोणते वापरले, हे वर सनमायका चिकटल्यावर कसे ओळखणार? दरपत्रकात नुसते चांगल्या प्रतीचे प्लायवूड असे लिहिले असेल, तर सुताराला काहीही लावण्याची मोकळीक आपणच दिलेली असते. विजेच्या कामाबद्दल अधिक सांगायला नको. गिझरला दिव्याच्या जाडीची तार टाकून वाचवलेले दोन-चारशे रुपये कोणत्या रूपात परत येतील, हे सांगता येत नाही.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे 2001 मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, ते याच विचारासाठी. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, मालाची प्रत विकणाऱ्याला माहीत असते आणि घेणाऱ्याला नसते, तेव्हा घेणारा सर्वांना सारखाच, सावध भाव देऊ लागतो. त्या भावात चांगल्या मालाच्या मालकाला परवडत नाही. तो बाजारातून निघून जातो आणि मागे निकृष्ट तेवढे उरते. अ‍ॅकरलॉफने सांगलीतील गवंडी पाहिले नव्हते. परंतु उतार ओळंब्याने आणि पाण्याच्या नळीने मोजणारे, काम सोडून जाताना मागे वळून पाहणारे किती कारागीर आज दुसऱ्या धंद्याला लागले आहेत, याचा शोध कोणी घेतला तर त्याच्या सिद्धांताला भरपूर पुरावा मिळेल.

सरकारी निविदांनीही हा धडा उशिरा का होईना घेतला. वर्षानुवर्षे ज्याचा दर सर्वांत कमी त्याला काम, हाच रिवाज होता. ऑक्टोबर 2021 मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने नव्या सूचना काढून काही कामांत दराबरोबर गुणवत्तेलाही गुण देण्याची वाट मोकळी केली. गुणवत्तेचा वाटा जास्तीत जास्त 30 टक्के ठेवला गेला. सरकारला लेखापरीक्षकाची भीती असते, त्यामुळे त्याला एवढी सावधगिरी शोभते. आपल्या घराच्या छताखाली झोपणाऱ्या गृहस्थाला ती अडचण नाही. त्याला कोणापुढेही खुलासा द्यायचा नसतो. फक्त घरच्या माणसांपुढे द्यावा लागतो.

त्या मुख्याध्यापकांना तो जुलैमध्ये द्यावा लागला. पहिल्या सलग पावसात आईंच्या खोलीतील जुना नकाशा पुन्हा उमटला आणि या वेळी तो भिंतीवरून खाली उतरून विजेच्या बटणांपर्यंत पोहोचला. चातुर्मास सुरू झाला होता. भिंतीवर काळसर-हिरवी बुरशी धरली. सुनेने ती खरवडायला घेतली तेव्हा आईंनी तिचा हात धरला. ओलीत जीव झाले आहेत, आता ते खरवडून मारायचे नाहीत. ओल धरू दिली ती चूक माणसांची, असे त्या म्हणाल्या. खोली बदलण्यासही त्या तयार होईनात. शेवटी पलंग भिंतीपासून चार फूट सरकवण्यात आला.

कंत्राटदार दोन वेळा फोन केल्यावर आला. त्याने वर जाऊन पाहिले आणि सांगितले की, कोबा उत्तम आहे, स्लॅबच जुना झाला आहे, गॅरंटी कोब्याची आहे, स्लॅबची नव्हे. त्याचे म्हणणे सर्वस्वी खोटेही नव्हते! ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार करण्यास दोन वर्षांची मुदत असते, हे मुख्याध्यापकांना ठाऊक होते. परंतु त्यांच्याजवळ बिल नव्हते. रक्कम रोख दिली होती. तेवढेच अठरा टक्के वाचतील असे त्या वेळी सर्वांनाच वाटले होते. पावती नाही, धनादेशाची नोंद नाही, कामाचे वर्णन नाही. दहा वर्षांच्या गॅरंटीचा तो रंगीत कागद कशाची हमी देत होता, हे त्या कागदावरच लिहिलेले नव्हते.

ऑगस्टमध्ये एके दिवशी सकाळी आई मंदिरात गेलेल्या असताना छताचा तळहाताएवढा तुकडा खाली आला. तो पलंगाच्या मूळ जागी पडला. पडलेल्या जागेतून गंजलेली सळई दिसत होती. लोखंड गंजले की ते फुगते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि भोवतालचे काँक्रीट फोडून काढतो. ही क्रिया एका पावसाळ्यात झालेली नव्हती, हे उघड आहे. मागील कित्येक वर्षे पाणी मुरत होते. नव्या कोब्याने फक्त ते झाकले होते.

तपासणीला आलेल्या अभियंत्याने एक हिशोब कागदावर मांडून दाखवला. नवा कोबा सरासरी चार इंच जाडीचा. 900 चौरस फुटांवर चार इंच म्हणजे 300 घनफूट. एका घनफुटाचे वजन 50 किलो धरले, तरी 15,000 किलो. जुना कोबा न काढता नवा टाकल्यामुळे, आतून गंजत चाललेल्या त्या स्लॅबवर पंधरा टनांचे ओझे वाढले होते. लहान मोटारीचे वजन एका टनाच्या आसपास असते. गच्चीवर पंधरा मोटारी उभ्या करा असे कोणी सांगितले असते, तर घरातील कोणीही त्याला संमती दिली नसती. मुलगा पुण्याहून आला होता. तो कागद त्याने बराच वेळ हातात धरून ठेवला.

पावसाळा संपेपर्यंत छताला खालून टेकू देण्यात आले. पुढच्या मार्चमध्ये मुख्याध्यापक त्या वयस्कर गवंड्याकडे स्वतः चालत गेले. ज्याला नाकारले त्याच्याकडे परत जाणे सोपे नसते. गवंड्याने मागचा विषय काढला नाही. वर येऊन त्याने हातोडीने ठिकठिकाणी ठोकून आवाज ऐकला, आईंच्या खोलीत अर्धा तास छताकडे पाहत बसला आणि मग दोन प्रश्न विचारले. पाइपाचे तोंड कधी बदलले होते काय, आणि पाण्याची टाकी कोणत्या भिंतीवर उभी आहे. या दोन्ही गोष्टी वर्षभरात कोणीही विचारल्या नव्हत्या.

चांगला कारागीर ओळखावा कसा, असे अनेकजण विचारतात. त्याची एक खूण ही म्हणता येईल की, तो दर सांगण्यापूर्वी प्रश्न विचारतो. दुसरी खूण म्हणजे तो एखाद्या गोष्टीला नकार देतो. एका दिवसात होईल का, याला नाही म्हणतो. जुन्यावरच करून टाका, याला नाही म्हणतो. केलेल्या कामांची छायाचित्रे तर सर्वांजवळ असतात आणि नवे काम छायाचित्रात नेहमीच चांगले दिसते. त्यापेक्षा तीन पावसाळे खाल्लेले एखादे काम दाखवा, असे म्हणावे आणि ते पाहायला खरोखर जावे. प्रत्यक्ष कामावर तो स्वतः उभा राहणार की पेटीकंत्राटाने दुसऱ्याला देणार, हेही आधीच विचारून घ्यावे. स्वस्त दरातून आधी मूळ कंत्राटदाराचा हिस्सा निघतो, मग पेटीकंत्राटदाराचा. उरलेल्यातून जे होईल, ते आपल्या डोक्यावर असते.

गृहस्थाकडूनही काही गोष्टी व्हाव्या लागतात. तिन्ही दरपत्रके एकाच कामाची असावीत, म्हणून कामाचे वर्णन आपण लिहून द्यावे: लांबी-रुंदी, जाडी, प्रमाण, मालाचे मानक, राडारोडा कोण नेणार, पाणी कोण पुरवणार. बँक घरबांधणीचे कर्ज काम पुढे सरकेल तसे हप्त्यांनी देते. तीच शिस्त दुरुस्तीलाही लावता येते. सुरुवातीस मालापुरते, मग टप्प्याटप्प्याने आणि दहा टक्के पहिला मोठा पाऊस पडेपर्यंत राखून. मात्र राखलेले दहा टक्के पाऊस पडून छत कोरडे राहिल्यावर त्याच आठवड्यात, मागायला न लावता द्यावेत. कारागिराला चार हेलपाटे घालायला लावणारी आणि ठरल्या रकमेतून शेवटी पाच हजार कापून घेणारी माणसे आपल्याच आळीत असतात. चांगला गवंडी त्यांच्याकडे दुसऱ्यांदा जात नाही आणि मग तीच माणसे हल्ली कामाला चांगली माणसे मिळत नाहीत, अशी तक्रार करतात.

दोन्ही कोबे फोडणे, सळ्या साफ करून स्लॅबची खालून दुरुस्ती करणे आणि नवे काम, असा नवा आकडा 1,46,000 झाला. आधीचे 62,000 धरून एकूण 2,08,000. पहिल्याच वर्षी 94,000 रुपयांत झाले असते त्या कामापेक्षा 1,14,000 रुपये अधिक. दुसरी मुदतठेवही मोडावी लागली. मुख्याध्यापकांनी हा हिशोब वहीत लिहून ठेवला आहे. त्याखाली टेकूंचे भाडे आहे, अभियंत्याचे शुल्क आहे. पलंग सरकवला होता, त्याचा आकडा नाही.

काम एप्रिलमध्ये झाले. दहा दिवस गोणपाटे भिजवून गच्ची ओली ठेवली गेली. मग पाइपाचे तोंड चिंध्यांच्या बोळ्याने बंद करून पाणी भरले. उताराचे वरचे टोकही इंचभर बुडेल एवढे पाणी म्हणजे जवळजवळ सहा हजार लिटर. मुदत तीन दिवसांची. एवढे पाणी उन्हाळ्यात साठवून ठेवायचे, या विचाराने आई अस्वस्थ झाल्या. तीन दिवसांवर एक तासही नको, असे त्यांनी बजावले आणि नंतर ते परसातील नारळांना व शेजारच्यांच्या झाडांना सोडण्याचे ठरले.

गवंड्याने कठड्यावर खडूने पाण्याची रेघ मारली. त्याच पाण्याने एक बादली भरून तिच्यातही रेघ मारली आणि ती गच्चीच्या मधोमध ठेवली. तीन दिवस घरातील माणसे पाळीपाळीने बॅटरी घेऊन छताकडे पाहत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी रेघेखाली बोटभर उतरलेले दिसले. मुलाचा चेहरा उतरला. गवंड्याने त्याला बादलीकडे बोट दाखवले. बादलीतील पाणीही रेघेखाली बोटभरच होते. तेवढे उन्हाने नेले होते. खालून आईंनी हाक मारून विचारले, छत कोरडे आहे, पाणी कधी सोडणार? गवंडी गुडघ्यावर बसला आणि त्याने चिंध्यांचा बोळा ओढून काढला.